हिरवा चंद्र

दातांच्या डॉक्टरांनी जुन्या कॉमिकचा अंक प्लास्टिकच्या पिशवीतून दोन बोटांनी अलगद बाहेर काढला, स्टँडवर टेकवला आणि ते दोन पावलं मागे सरकले. वाचनालयाच्या वरच्या खोलीतली वीसेक टाळकी एकदम पुढे झुकली. शेवटच्या रांगेत बसलेल्या धाकट्यानं कव्हर पाहिलं आणि लगेच ओळखलं.

उंच क्रेनच्या टोकावर उभी असलेली मुखवटा घातलेली बाई, खाली काळं शहर, आणि तिच्या मागे परातीएवढा चंद्र. हिरवागार.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ही मंडळी जुन्या कॉमिक्सची कव्हरं घेऊन इथे जमायची. विषय एक, आणि प्रत्येकाला तीन मिनिटं. या वेळचा विषय चंद्र होता. डॉक्टरांनी आपला चंद्र मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि त्यासाठीच धाकट्याच्या मोठ्या भावाला, दादाला, आग्रहानं बोलावलं होतं. दादाची दाढ काढताना, तोंडात कापूस कोंबलेला असताना, त्यांना कळलं होतं की हे काका हा अंक छापणाऱ्या प्रेसमध्ये मशीनवर होते. धाकट्याला यायचंच नव्हतं. पण दादाचे गुडघे गेलेले, जिना चढवायला कोणीतरी हवं होतं.

"चित्रकारानं इथे चंद्राचा रंगच नाकारलाय," डॉक्टर म्हणाले. "हा चंद्र उजेड देत नाही, विष देतो. त्या काळात केवढं हे धाडस!"

विष म्हणे. धाकट्याचं डोकं सणकलं. आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटल्या, आता चंद्र उपटायला निघालेत. आणि तो चित्रकार! छापलेला अंक पाहून त्यानं प्रेसमध्ये येऊन थयथयाट केला होता. पुढे लोक वाहवा करायला लागले तेव्हा मात्र मिठाची गुळणी धरून बसला, तो मरेपर्यंत.

दादा खाकरला.

"डॉक्टर, तो चंद्र पिवळा होता," तो म्हणाला. "माझ्या मशीनवर छापला. चुकला."

कोणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेतल्या शाळेच्या बाई खुर्चीसकट मागे वळल्या.

"म्हणजे हा हिरवा रंग तुमचा?"

"माझाच म्हणा. रोलर नीट धुतला नव्हता. पिवळ्यात निळी शाई मिसळली."

आणि अख्ख्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. कोणी दादाला पाणी दिलं, कोणी त्याला पंख्याखालच्या खुर्चीत नेऊन बसवलं, दोघातिघांनी फोन काढून फोटो घेतले. "काका, तुमची ही चूक झाली नसती तर हे कव्हर आज कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं," बाई म्हणाल्या. दादा मान खाली घालून ऐकत होता.

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांपूर्वी कुठे होती ही वाजंत्री? तेव्हा मालकानं गठ्ठ्यातला एक अंक उचलून दादाच्या छातीवर फेकला होता. दुसऱ्या दिवसापासून दादाला मशीन बंद ते बंदच. शहरातल्या कुठल्याच प्रेसनं त्याला उभं केलं नाही. शाईवर जीव असलेला माणूस उरलेली सगळी वर्षं कारखान्यात खोकी चिकटवत बसला.

आणि रोलर धुतलेला होता. चकचकीत धुतलेला होता. हे धाकट्याला माहीत होतं, कारण निळी शाई कुठे उतरायची हे ठरवणारी फिल्म त्याच्या टेबलावर तयार झाली होती. चंद्राच्या जागी निळी शाई उतरू नये म्हणून फिल्मवर तेवढा गोल उजेड अडवणाऱ्या लाल रंगानं भरून टाकायचा असतो. पाच मिनिटांचं काम. तो विसरला. पिवळ्यावर निळा बसला आणि चंद्र हिरवा झाला. रोलर घाण असता तर सगळंच पिवळं बिघडलं असतं, पण त्या कव्हरवर चंद्राशिवाय पिवळं काही नव्हतंच, त्यामुळे खापर रोलरवरही फोडता येत होतं.

पण अंक छापून झाल्यावर मालकानं फिल्म उजेडात धरली तेव्हा तो गोल लाल होता. नीट, कडेपर्यंत भरलेला. शेजारी दादा हात मागे बांधून उभा होता.

"फिल्म बरोबर होती ना रे?" मालकानं विचारलं होतं.

"हो," धाकटा म्हणाला होता.

झालं, तेवढंच. त्याला नोकरी लागून तीन महिने झाले होते, लग्न ठरलेलं होतं. पण कोणी सांगितलं होतं दादाला तो लाल रंग लावायला? कोणी मागितले होते त्याच्याकडे हे उपकार? नंतर एकदाही तो त्याविषयी बोलला नाही. एखादी शिवी हासडली असती, एक ठेवून दिली असती, तर निदान हिशोब मिटला असता. नाही. दर सणाला धाकट्याच्या घरी येऊन गुमान जेवायचा आणि जाताना म्हणायचा, "छान झालं होतं." धाकट्याला त्या तीन शब्दांचासुद्धा राग यायचा.

"काका, या कव्हरवर तुमची सही हवी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी अंक दादाच्या मांडीवर ठेवला आणि खिशातलं पेन काढून दिलं.

धाकटा उठून उभा राहिला. आता बोलायचं? शिव्या पडत होत्या तेव्हा तोंड शिवलेलं, आणि आज टाळ्या पडताहेत तर म्हणायचं, चूक माझी? लोक म्हणतील, काय निर्लज्ज माणूस, म्हाताऱ्या भावाचं एवढंसं कौतुकही याला बघवेना. आणि नाही बोललो तर? तो तसाच उभा राहिला, पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून.

दादानं पेन हातात घेतलं. बराच वेळ त्या चंद्राकडे पाहिलं. मग मान वळवून त्यानं धाकट्याला बोटानं जवळ बोलावलं.

"इथे सही याची पाहिजे," तो डॉक्टरांना म्हणाला.

"हे पण प्रेसमध्ये होते?"

"फिल्मचं काम हाच करायचा."

कोणीतरी कौतुकानं हसलं. भावाभावांतली गंमत वाटली असावी. धाकटा दादाजवळ वाकला.

"दादा, इथे नको."

"मग कुठे?"

दादाचा आवाज चढलेला नव्हता. पण त्याच्या डोळ्यांत जे होतं ते धाकट्यानं चाळीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. किंवा कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. माया नव्हती ती, क्षमा तर नव्हतीच.

खोली वाट पाहत होती. फोन पुन्हा वर झाले. दादानं पेनाचं टोपण काढलं, पेन धाकट्याच्या बोटांत दिलं आणि अंक त्याच्यापुढे धरला.

"नाव पूर्ण लिही," तो म्हणाला. "मालकाला वाचता येईल असं."

मालक जाऊन वीस वर्षं झाली होती. धाकट्यानं पेन टेकवलं.