दोन बिऱ्हाडांचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एक पत्र बरीच वर्षं उत्तरावाचून पडून होतं.

ते या घरातल्या आजोबांच्या धाकट्या बहिणीचं. "दादा, आई गेली तेव्हा मी फार लहान होते. ती गाणं कसं म्हणायची रे? लिहून पाठव ना."

आजोबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली, पण स्वतःचं वाक्य काही धड वाटेना. चार ओळी लिहायचे, पाच खोडायचे. उत्तर अर्धवटच राहिलं.

मी नवा होतो तेव्हा शेजारीपाजारी मला बघायला यायचे. हळूहळू माझी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे मला कामाला लावणारी व्यवस्था, थकली. माझ्या डोक्यावर रद्दी साठली.

एके दिवशी नात पेनड्राइव्हमधून नवी सिस्टीम घेऊन आली. पडद्यावर प्रश्न उमटला: सगळं पुसून नवी बसवू, की जुनीच्या शेजारी? आजोबांनी बाण पहिल्या पर्यायावर नेला. माझा पंखा घरघरला.

"आजोबा, हात मागे! सगळं साफ होईल!"

"अगं, पहिलं दिलंय म्हणजे तेच बरोबर असणार."

"स्वल्पविराम तीनतीनदा तपासता, आणि इथे डोळे मिटून?"

"पुसलं तर पुसलं. आत तुझ्या आत्याआजीचं एक पत्र तेवढं आहे. जुन्या फाँटातलं. नव्यात नुसतं गिचमिड दिसेल."

"आणि उत्तर?"

आजोबा चष्मा पुसत बसले.

नातीने पेनड्राइव्ह काढला, मला जुन्या सिस्टीमवर चालू केलं आणि अर्धवट मजकूर मोठ्याने वाचला. "आई गाताना शब्द विसरली, की तिथे तुझं नाव घालायची."

"हे पाठवलं नाहीत?"

"जमलेलं नाही अजून."

"आत्याआजी वाट बघतेय आजोबा, चुका नाही काढत बसलेली!"

मग तिने माझ्या डिस्कची वाटणी केली. एकीकडे जुनी सिस्टीम, दुसरीकडे नवी. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं. आता चालू होताना मी विचारतो, कुणाकडे जायचंय? आजोबा पहिल्यांदा जुन्या दारीच गेले.

मित्रांनो, जुनं आवरायला घ्याल तेव्हा आधी आत डोकावून बघा. कुणाची तरी आई तिथे गात असेल.

त्या संध्याकाळी आजोबांनी एकही ओळ न खोडता उत्तर पूर्ण केलं, छापलं, पाकिटात घातलं आणि चपला घातल्या. परत आले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.