गरम टायरची हवा

माझ्या टायरच्या दुकानावर मीच रंगवलेली पाटी आहे, 'गरम टायरची हवा काढू नये.' तीस वर्षं ती दाखवून गिऱ्हाइकांना झापतोय. आणि माती खाल्ली ती मीच.

लेक मातीची भांडी घडवते. वर्षभराची भांडी ट्रेलरमध्ये गवतात बसवून पहिल्यावहिल्या प्रदर्शनाला निघाली होती. भर दुपारी, दोन तास गाडी चालवून माझ्याकडे थांबली. ट्रेलरच्या टायरना हवेचा मीटर लावला, तर त्यांच्यावर छापलेल्या पासष्टऐवजी त्र्याहत्तर पौंड.

"अगं, दगड झालेत नुसते! गचके बसून सगळं फुटेल," म्हणत मी खाली बसलो.

"बाबा, गरम आहेत अजून. थंड झाले की आपोआप उतरेल ना."

चार गिऱ्हाइकं बघत होती. माझं डोकंच सटकलं. "तू मला शिकवू नकोस! तुझ्या जन्माआधीपासून हेच करतोय." दोन्ही टायर पार पन्नासावर आणले. माल नाजूक, जरा मऊच बरे, असं वर ऐकवलंही. ती गाडीत जाऊन बसली.

तासाभरात फोन आला. एवढ्या वजनाखाली मऊ टायर तापत गेला आणि फुटला. तिला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण ट्रेलर आडवा झाला. मी पोचलो तेव्हा ती रस्त्याकडेला खापऱ्या गोळा करत होती. धड एक वाटी सापडली नाही. प्रदर्शन गेलंच.

"कशानं झालं हो?" घोळक्यातून कुणीतरी विचारलं.

"खिळा असेल," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी मान हलवली. हो, हलवली! सांगायलाही लाज वाटते. आठवडाभर जो तो दुकानात येऊन खिळ्याला शिव्या घालत होता आणि मी ऐकत होतो.

शेवटी राहवेना. तिच्याकडे गेलो. ती भांडी घडवायच्या चाकाशी बसली होती, हात मातीत.

"खिळा का म्हणालीस गं? तुला तर सगळं माहीत होतं."

"तिथे तुमची दोन गिऱ्हाइकं उभी होती, बाबा. उद्या तुमच्याकडे हवा भरायला कोण आलं असतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक ट्रेलर घेऊन आलं. "फार वाईट झालं हो, त्या खिळ्यानं..."

"खिळा नव्हता," मी म्हणालो. "हवा मी काढली. गरम टायरची. लेक नको म्हणत असताना."

त्यानं एकदा पाटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ट्रेलर तसाच वळवून निघून गेला.

पुढच्याला मी त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं.