शिवेवरचं पाणी

माझ्या थोरल्या जाऊबाई, बयनाबाई, जन्मभर चालल्या. शेतात, विहिरीवर, गुडीहत्नूरच्या बाजाराला. तेव्हा सगळ्याच बाया चालत, म्हणून त्याचं कौतुक कोणाला नव्हतं. मला ते वाटलं एकदाच. म्हातारपणी त्या बोरखडीला, आपल्या माहेरी, पायी निघाल्या तेव्हा.

बोरखडीची एक रीत होती. गावची लेक पायी माहेरी आली की ती आपण होऊन शीव ओलांडत नसे. शिवेवर धावड्याचं मोठं झाड आहे. त्याच्या बुडाशी ती बसायची. मग भाऊ घरून तांब्या घेऊन यायचा, तिच्या पायांवर पाणी घालायचा आणि तिला पुढं करून गावात न्यायचा. पुढं बस सुरू झाली. बस लेकींना थेट चावडीपाशी उतरवू लागली. त्यांच्या पायांना धूळच नसे, मग धुणार काय. कोणी रीत मोडली नाही, ती आपोआप मागं राहिली.

त्या दिवाळीला बयनाबाईंचे भाऊ चंपतराव म्हणाले होते, "बयना, तुहे पाय धुवून लई वर्सं झाली. एकदा पायी ये. मले आता दिसते कमी, पण तांब्या धरता येते."

तेव्हापासून जाऊबाईंनी तेच धरलं होतं. भावाचे डोळे जात चालले होते, त्यांचे गुडघे. दोघांतलं कोण आधी बसेल ते सांगता येत नव्हतं. जाऊबाईंचा मुलगा सुधाकर मंचेरियलला कोळशाच्या खाणीत नोकरीला. तो सुटीवर आला होता.

"माय, बस हाय ना दारात. काऊन चालत जाऊन राह्यली?"

"बसनं तू जात जाय मंचेरियलले, नोकरीवर. मी माहेरी चालली."

"काकी, तुमी तरी सांगा तिले."

"मी काय सांगू?" मी म्हटलं. "मी बी चालली संगं."

माघ संपत आला होता. कापूस वेचून झाला होता, रानात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. बाजारात भेटलेल्या बोरखडीच्या माणसाजवळ चंपतरावांना निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी, आणि माझ्या खांद्याला पाण्याचा तुंबा.

धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं शेतं संपली आणि सागाचं रान लागलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं; वाट ओळखायची ती झाडांवरून, दगडांवरून. जाऊबाईंना तर त्या रानाचं पान न् पान ठाऊक. सागाची मोठाली पानं गळून वाटेवर अंथरली होती. पाऊल पडलं की पापड मोडावा तसा आवाज. उघड्या फांद्यांमधून ऊन खाली येत होतं आणि मधूनच एखादा पळस फुललेला दिसायचा. जाऊबाई थांबत नव्हत्या, पण घाईही करत नव्हत्या. चढाला कंबरेवर हात, उताराला पदर खोचलेला. गुडघा दुखला की झाडाला हात लावून उभ्या राहायच्या, आणि त्या झाडाचीच चौकशी केल्यासारखं करायच्या.

"हे मोहाचं पाह्यलं का देवका? माह्या लग्नात एवढुसं होतं."

"लग्नात तुमी डोक्यावरून पदर घेतला होता. झाड कुठून दिसलं?"

"पदरातून सगळं दिसते. तुह्या भासऱ्यांचे, माह्या मालकाचे, पाय बी दिसले होते. एवढे मोठे. म्हटलं, चालला तर हा माणूस मले मागं टाकंन."

"टाकलं काय?"

"कधीच नाई," त्या म्हणाल्या, आणि झाडाचा हात सोडून पुढं निघाल्या.

रानाच्या मध्ये गोंडांचा गुडा आहे, पाच-सहा घरांचा. अशी स्वच्छ अंगणं मी आमच्या गावात पाहिली नाहीत. तांबड्या मातीनं सारवलेल्या भिंती, खाली पांढरा पट्टा, कुडाला टेकून ठेवलेले खराटे. एका बाईनं बाज टाकली, पायरी झाडली आणि कोण, कुठल्या, हे विचारायच्या आधी ज्वारीची आंबील आणून दिली. थंडगार, जराशी आंबट. ती पोटात गेली आणि पायांना कळलं.

"माहेरी जाता?" तिनं जाऊबाईंच्या तोंडाकडं पाहून विचारलं.

"तुले कसं समजलं?"

"सासरी जाणारी बाई एवढी हासत नाई."

जाऊबाईंनी तिच्या पदरात चटणीची पुडी घातली. तिनं त्यांच्या पदरात पिकली बोरं घातली. बोरं खात आम्ही नाल्याशी उतरलो. पाणी कमी होतं पण वाहतं. मी तुंबा भरून घेतला, भाकरी खाल्ली, पाय पाण्यात सोडले. एक धीवर पक्षी समोरच्या दगडावर बसून आमच्याकडं बघत होता.

नाल्याच्या पुढं वाट फुटते. डावी टेंभी गावातून बोरखडीला जाते. उजवी लाकूडतोड्यांची, जंगलातून सरळ शिवेवर. जाऊबाई त्या फाट्यावर थांबल्या. टेंभी म्हणजे त्यांच्या सुनेचं, सुधाकरच्या बायकोचं माहेर. तिथं त्यांची विहीण जयवंताबाई. आमच्याकडं मुलाच्या आईनं व्याह्यांच्या गावातून नुसतं जाऊन चालत नाही. पाट टाकतात, पुरण शिजतं, लुगडं येतं, आणि सूर्य कलला की म्हणतात, आता आजच्या दिवस राहा.

"आज जयवंताबाईच्या हाती सापडली तर उद्या सकाळीच सुटीन," त्या म्हणाल्या. "तिकडं दादा शिवेवर बसून राहीन."

"मग?"

"मग काय. लाकडाच्या वाटेनं. तिले सांगू नको म्हणजे झालं."

"मी काऊन सांगू? पण तिले समजतेच."

"समजंन तवा समजंन."

वरमाय असून चोरासारख्या आम्ही टेंभीला वळसा घातला. टेंभीतली कुत्री भुंकायला लागली तेव्हा जाऊबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. माहेर जवळ आलं तशी त्यांची चाल बदलली. गुडघ्याचं नाव नाही. एका ठिकाणी तर मलाच म्हणावं लागलं, जरा हळू.

धावड्याचं झाड दिसलं, तेव्हा ऊन अजून बरंच वर होतं. झाडाखाली कोणी नव्हतं.

जाऊबाईंनी डोळ्यांवर हात धरून गावाकडं पाहिलं. मग झाडाच्या बुडाशी बसल्या. नेहमीच्या जागी असाव्यात, कारण मुळांमध्ये त्यांची पाठ बरोबर बसली.

"यीन," त्या म्हणाल्या.

बराच वेळ कोणी आलं नाही. शेवटी पऱ्हाट्यांची मोळी घेऊन गावातली एक बाई आली. तिनं मोळी टाकली आणि आमच्याकडं पाहत राहिली.

"बयनाआत्या, तुमी हितं? चंपतबाबा तं सकाळीच टेंभीले गेले. तांब्या घेऊन. म्हने, बयना विहिणीले टाळून कुठं जाईन, तिथंच गाठतो, आन वाट संगं चालतो."



"कशानं गेले?" मी विचारलं.

"आदिलाबादच्या सरकीच्या गाडीत बसून गेले. गाडी तिकडूनच पुढं जाते. येतानाचं काय ते मले माहीत नाई."

येताना म्हणजे पायी. डोळ्यांनी धड दिसत नाही अशा म्हाताऱ्यानं, जंगलातून.

मी म्हटलं, "जाऊबाई, गावात चला. कोणाले तरी पाठवू त्याहिले आणाले."

"तू जाय. मी शीव ओलांडत नाई."

"कोणी पाहाले नाई येथं."

"मी हाय ना."

त्या बाईनं, गावात जाऊन माणूस पाठवते, असं म्हटलं आणि मोळी उचलली. आम्ही दोघी राहिलो. मोळीवाली गेल्यावर जाऊबाई उठल्या आणि गावाकडं पाठ करून, टेंभीच्या वाटेकडं तोंड करून बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं. "मी गेली असती तर पुरण खाऊन राह्यलो असतो दोघं," एवढंच एकदा म्हणाल्या.

ऊन पिवळं झालं, तरी गावातून माणूस आला नाही. सागाच्या पानांचा आवाज आला. आधी काठी, मग पाऊल, मग काठी. जाऊबाई आवाजावरूनच उभ्या राहिल्या.

चंपतराव आले. एका हातात काठी, दुसऱ्यात पितळेचा तांब्या, धोतराला कुसळं. त्यांच्या मागं, डोक्यावर टोपली घेऊन, जयवंताबाई.

"विहीणबाई," त्या लांबूनच म्हणाल्या, "आमच्या गावात काटे पेरले होते काय?"

"नाई हो. पुरणाचं भेव वाटलं," जाऊबाई म्हणाल्या.

"भेव धरून सुटते काय? पुरण घेऊन आली मी. हे आंधळे पाव्हणे एकटे निघाले, म्हटलं, पोळ्या बी पोचतीन आन पाव्हणे बी."

"आंधळा कोण?" चंपतराव म्हणाले. "मी पुढं चाललो, ही मागं. बयना, हाय काय तू?"

"हाय दादा. केव्हाची."

"मी तुले आणाले गेलो आन तू मागून निघून गेली. बस तिथं. पाय दे."

त्या बसल्या. चंपतरावांनी वाकून तांब्या उलटा केला. एक थेंब पडला. वाटभर ठेचकाळत आलेले, पाणी सगळं जंगलात सांडलं होतं. तांब्याच्या तळाकडं ते पाहत राहिले. त्यांना तो तळ दिसत होता की नाही, कोण जाणे.

मी तुंबा पुढं केला. जाऊबाईंनी तांब्या त्यांच्या हातातून घेतला, त्यात नाल्याचं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आता तू बस."

"मी काऊन?"

"शिवेवर पायी कोण आलं आता? मी तर कवाची हितंच बसली हाय. तू बस."

"भावाचे पाय कोणी धुते काय?"

"पायी येणाऱ्याचे धुतात. रीत तुहीच हाय, माह्यावर कायले चिडते."

जयवंताबाईंनी टोपली खाली ठेवली. "बसा पाव्हणे. ही ऐकणारी नाई. आमच्या गावाले वळसा घालते, तुमाले काय सोडीन."

ते बसले. जाऊबाईंनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, बोटांमधली माती काढली, कुसळं वेचली. त्यांचे पाय फुटलेले, सागाच्या सालीसारखे. मग चंपतरावांनी तांब्या मागून घेतला, चाचपून बहिणीचा पाय शोधला आणि उरलेलं पाणी तिच्या पायांवर घातलं. थोडंच होतं, घोट्यापर्यंत पुरलं.

तेवढ्यात रस्त्यानं संध्याकाळची बस आली. शिवेवर माणसं पाहून ड्रायव्हरनं थांबवली. कंडक्टरनं दार उघडून तेलुगूत काही विचारलं. चंपतरावांनी काठीनं पुढं जा अशी खूण केली.

आम्ही गावात निघालो. ओल्या पायांना माती चिकटत होती. रीतीप्रमाणं बहिणीनं पुढं चालायचं. पण पुढं चंपतरावच होते, आणि दर थोड्या पावलांवर काठी रोवून थांबत होते. मागं बांगड्या वाजल्या की पुन्हा चालायला लागत होते.