दोन स्लॅबच्या मधली भिंत

नाथा मिस्त्रीने हातोड्याच्या दांड्याने भिंतीवर तीन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि खडूने एक उभी रेघ ओढली. तिथून सात फूट मोजून दुसरी. ती नेमकी रखमाच्या कॉटमागे येत होती, म्हणून रखमाला उठून उभं राहावं लागलं.

“एवढं मोकळं झालं की दोन खोल्यांचा एकच हॉल,” राजेंद्र म्हणाला. “शीलाच्या क्लासची तीस मुलं आरामात बसतील.”

“आणि ही कॉट?” नाथाने विचारलं. “मधेच येतेय.”

राजेंद्रने टेपचं टोक सोडलं. टेप सरसर डबीत गेली. उत्तर सुनेने, शीलाने दिलं.

“कॉट चामटोलीला जाणार आहे. रविवारी.”

चामटोलीला रखमाचा पुतण्या हरिचंद्र राहायचा. त्याच्या घराची ओसरी तिने पाहिलेली होती. तिथे आपली सोय झाली आहे, हे तिला आत्ता कळत होतं, तेही परक्या माणसाच्या देखत. तिने उशी उचलली, तिचा अभ्रा नीट केला आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. मुलाकडे पाहिलं, तर तो भिंतीवरच्या रेघेकडे बघत होता.

“वर बीम आहे ना?” नाथाने विचारलं.

“आहे. बाबांनी टाकलाय.”

“मग दोन दिवसांचं काम.”

बीम नव्हता. घर बांधलं तेव्हा राजेंद्र सहा वर्षांचा होता. रखमाचा नवरा किसन कारखान्यातून सुटला की अंगावरचे कपडे न बदलता विटा रचायला बसायचा आणि रखमा डोक्यावरून माल पोचवायची. बीमची सळई पुढच्या वर्षी घेऊ म्हणत ही नऊ इंची भिंत थेट छतापर्यंत गेली आणि पुढच्या खोलीचा स्लॅब तिच्यावरच टेकला. चार वर्षांनी मागची खोली झाली. तिच्या स्लॅबलाही याच भिंतीचा आधार मिळाला. हे माहीत असलेली दोनच माणसं होती. त्यातला किसन जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथा दोन गड्यांना घेऊन आला तेव्हा राजेंद्र कामाला गेला होता आणि शीला बाजारात. एका गड्याने छिन्नी भिंतीला लावली.

“थांब,” रखमा म्हणाली. “बीम नाही त्यात.”

नाथाने वळून पाहिलं.

“साहेब तर म्हणाले—”

“त्याला काय ठाऊक? दोन्ही स्लॅब हिच्यावर आहेत. ही फुटली तर घर बसेल.”

बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज असा खणखणीत निघाला होता. नाथा स्टुलावर चढला. छताच्या कडेचा गिलावा त्याने हलक्या हाताने खरवडला. आत वीट दिसली. आणखी हातभर खरवडलं, तिथेही वीटच. तो उतरला आणि गड्यांना म्हणाला, “हत्यारं खाली ठेवा.”

रखमाने चहा टाकला. आलं जास्त किसलं. नाथा दारात उभा राहून मोबाइलवर राजेंद्रशी बोलत होता आणि ती गॅस बारीक करून ऐकत होती.

“नाही साहेब, बीम नाही... हो, बघितलं... नाही नाही, काम कॅन्सल कशाला? गर्डर टाकू. दोन्ही बाजूंनी टेकू देऊन स्लॅब आधी उचलून धरायचा... आठ-दहा दिवस जास्तीचे धरा.”

चहा उतू गेला.

“मावशी, तुमच्यामुळे वाचलो,” कप घेताना नाथा म्हणाला. “नाहीतर आज आम्ही सगळे खाली सापडलो असतो.”

भिंतीच्या वरच्या अंगाला आरपार भोकं पडली. त्यांतून जाड लोखंडी तुकडे सारले गेले आणि दोन्हीकडून त्यांना टेकू लागले. मग खोबणी कापून दोन गर्डर चढले, वरची फट माल ठासून भरली. माल सुकेपर्यंत भिंतीला हात लावायचा नव्हता. ते दिवस रखमा टेकूंच्या मधून वाट काढत न्हाणीघरात जात-येत राहिली. शीला शेजारणींना कौतुकाने सांगायची, “आमच्या आईंनीच सांगितलं, म्हणून बरं.”

राजेंद्र एका संध्याकाळी कॉटवर तिच्या शेजारी येऊन बसला. असा तो कितीतरी महिन्यांत बसला नव्हता.

“आई, तू बोललीस ते फार बरं केलंस.”

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो पुढे काही बोलेल म्हणून थांबली.

“हरिचंद्रला फोन केलाय,” तो म्हणाला. “टेम्पो या रविवारी नको, पुढच्या रविवारी आण म्हटलं.”

तिने हात काढून घेतला.

शनिवारी खालच्या विटा निघाल्या. मग नाथाने टेकू एकेक करून सैल केले. घर झाडून झालं तेव्हा एवढा उजेड पडला, की शीला म्हणाली, “हॉल इतका मोठा दिसेल असं वाटलं नव्हतं.” राजेंद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला.

“मावशी, तुम्हीच बघा,” नाथाने हाक मारली. “केसाएवढी तरी भेग आहे का?”

रखमा गर्डरखाली येऊन उभी राहिली. मान वर करून तिने छत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळलं. मग चष्मा पदराने पुसला आणि दुसऱ्या टोकापासून पुन्हा पहिल्यापर्यंत, अगदी सावकाश.

“सापडली का?” नाथाने हसून विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि तरीही वर बघतच राहिली.