शिंगरोबापुढचा हाफ क्लच

आमच्या गाडीची क्लच प्लेट नक्की कोणी जाळली, याचा निकाल रविवारपर्यंत लागला नसता तर सोमवारी पहाटे रोहिणीला कळंबला जाता आलं नसतं. रोहिणी म्हणजे माझी बायको. कळंबच्या एका रिसॉर्टवर तिला हाउसकीपिंग सुपरवायझरची नोकरी लागली होती, ड्यूटी सोमवारपासून, सकाळी साडेसहाची. खोपोलीहून इतक्या सकाळी कळंबला पोचवील असं वाहन एकच, आमची सोळा वर्षांची गाडी. आणि मी जाहीर करून बसलो होतो की प्लेट नवी बसेल, पण ती रोहिणीच्या पायाखाली जाणार नाही.

कारण ती चार महिन्यांपूर्वी गाडी शिकली होती, आणि प्लेट आता गेली होती. मी लोणावळ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं समजू नये, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगतो. घरी तास नसतो.

लक्षणं स्पष्ट होती. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र आपल्याच विचारात चालायची, आणि काहीतरी जळल्याचा वास यायचा. ही प्लेट आम्ही नऊ वर्षांपूर्वी, गाडी सेकंड हँड घेतली तेव्हा बसवली होती. त्यानंतर गाडी नव्वद हजार किलोमीटर चालली. तर क्लच प्लेटीचं आयुष्य असतं तरी किती? शेजारचे मालोजी भाजीचा टेंपो चालवतात. ते म्हणाले, पन्नास हजार. नेरळचा माझा मेहुणा जितेश म्हणाला, लाखाच्या आत गेली तर चालवणाऱ्याला चालवता येत नाही. व्हिडिओतला एक गृहस्थ म्हणाला, चाळीस हजार ते दोन लाख. मी त्याचा मध्य काढला आणि तिघांची सरासरी घेतली. ती बरोबर नव्वद हजार आली. म्हणजे प्लेट वेळेवर गेली होती आणि दोष कोणाचाच नव्हता. हा निष्कर्ष मला पटला नाही.

रविवारी सकाळी आम्ही शिळफाट्याला दशरथच्या गॅरेजवर गेलो. आमच्या घरातल्या गाड्या आधी त्याचे वडील बघायचे, आता तो बघतो. त्याने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. इंजिन चालूच राहिलं.

"बघ, बंद पडलं नाही," मी रोहिणीला म्हणालो.

"सर, बंद पडाया पायजे होतं," दशरथ म्हणाला. "नाय पडलं म्हंजे प्लेट गेली."

"पण चालू राहणं चांगलं ना?"

"या टेस्टात नाय."

बंद पडलं असतं तरी मी रोहिणीला 'बघ' म्हणालोच असतो.

"दशरथभाऊ," रोहिणी म्हणाली, "प्लेट बघून कळतं का हो, कोणाच्या पायाने गेली?"

"प्लेटीवर काय नाव छापलेलं नसतं, वहिनी."

"मग असं करा. शेजारी बसा. आधी मी चालवते, मग हे चालवतील. तुम्ही सांगाल त्याच्या हातात गाडी राहील."

मी लगेच कबूल झालो. लोणावळ्याच्या घाटात मी नऊ वर्षं गाडी चालवतो. असा सामना मिळायला नशीब लागतं.

रोहिणीने घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी नेली. चढाला लागताच पुढे एक कंटेनर थांबला, तशी तिने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून बसली. मागच्याने हॉर्न मारला तरी ढिम्म.

"शिकाऊ माणसाची खूण," मी मागच्या सीटवरून दशरथला सांगितलं. दशरथने हँडब्रेककडे एकदा बघितलं. मी ते माझ्या बाजूने धरलं.

मग मी बसलो. गाडी जेमतेम पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढत होती, पण मी ती अशी हळुवार घेतली की दशरथनेही मान डोलवावी. वळण आलं, शिंगरोबाचं देऊळ आलं. इथं घाटातला प्रत्येक ड्रायव्हर नमस्कार करतो, मीही गाडी थांबवून केला. डोळे उघडले तेव्हा दशरथ माझ्या पायांकडे बघत होता.

"सर, गाडी कशावर उभी हाय?"

"म्हणजे?"

"चढ हाय. तुमचे दोन्ही हात जोडलेले. हँडब्रेक खाली. ब्रेकवर पाय नाय. मंग उभी कशावर हाय?"

मी विचार केला. नऊ वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. "शिंगरोबाच्या कृपेवर," मी म्हणालो.

"क्लच प्लेटीवर!" दशरथ म्हणाला. "डावा पाय क्लचवर अर्धा दाबलेला, उजवा रेसवर. घासतीय ती. वास येतोय का?"

वास येत होता. मला तो आजवर देवळातल्या उदबत्तीचा वाटायचा.

"अहो, पण ब्रेक का नाही दाबत?" मागून रोहिणीने विचारलं.

"शिंगरोबासमोर ब्रेक दाबायचा नसतो," मी सांगितलं. "येसाजीमामांनी शिकवलंय." येसाजीमामा माझे सख्खे मामा. तीस वर्षं त्यांनी या घाटात ट्रक चालवला. मला गाडी त्यांनीच शिकवली, आणि शिकवताना बजावलं होतं, देवापुढं ब्रेकला पाय लावायचा नाय, क्लचवर धरायची आन् हात जोडायचे.

दशरथ हसायला लागला, तो पुढच्या वळणापर्यंत हसत होता.

"अवो सर, मामांच्या ट्रकाला ब्रेक लागायचेच नाय चढावर! आमच्या बापानं किती येळा खोलले असतील. मामा म्हणायचे, राहू दे रं, शिंगरोबा हाय."

मी गाडी बाजूला घेतली आणि, लाज वाटली तरी, हँडब्रेक ओढला. मनात गुणाकार सुरू झाला होता. वर्षाला दोनशेवीस दिवस, नऊ वर्षं, रोज अर्धं मिनिट. साडेसोळा तास. साडेसोळा तास मी एका चढावर ती प्लेट घासत उभा होतो, आणि वर डोळे मिटून.

"पण मग प्लेट नव्वद हजार टिकली कशी?" मी विचारलं.

"तेच मला बी कळंना," दशरथ म्हणाला. "असा नमस्कार केल्यावर चाळीसातच जायला पायजे होती."

म्हणजे शिंगरोबाने प्लेट जाळली का वाचवली, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

दुपारी त्याने गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिच्यावर घासते त्या चकतीवर, तापून निळे डाग पडले होते. रोहिणीने त्यांचा फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी नवीन प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बसलं. दशरथने चावी पुढे केली. मी हात पुढे केला होता. चावी हाताच्या जरा डावीकडून रोहिणीकडे गेली.

"पहिले हजार किलोमीटर जरा जपून, वहिनी. आन् सरांना बाजूलाच बसवा."

सोमवारी साडेपाचला ती कळंबला गेली. मी लोणावळ्याची एसटी पकडली. शिंगरोबाचं वळण आलं तसा ड्रायव्हरने एक हात कपाळाला लावला आणि न थांबता तो तसाच वर निघाला. त्याने ब्रेक दाबला, क्लच दाबला का काहीच नाही, मागून दिसेना. मी सवयीने डोळे मिटले, हात जोडले.

"ओ मास्तर," पुढच्या सीटवरच्या बाईंनी मान वळवली. "पाय काढा ना! अंड्यांचा ट्रे हाय खाली."

मी डोळे उघडून पाहिलं. डावा पाय त्यांच्या सीटखाली गेला होता आणि ट्रेच्या कडेवर बरोबर अर्धा दाबून धरलेला होता. चढ संपेपर्यंत तो सोडावा की नाही, हे मला लगेच कळलं नाही.