माझ्या दातांतला शेंदूर

मी गवत कापायचं यंत्र बोलतोय. दोन लोखंडी चाकं, वर पत्र्याची बैठक, उजव्या अंगाला लांब दातेरी पट्टी आणि पट्टीत एक पातं. बैल चालले की चाकं फिरतात, पातं मागंपुढं पळतं आणि गवत आडवं होतं.

माझा जन्म विलायतेतला. १९३४ साली एका साहेबानं मला विकायला काढलं, आणि निफाडजवळच्या रंगनाथभाऊंनी घरी आणलं. विळ्यांचं काम मी बघता बघता उरकलं तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. मला फार बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

दसऱ्याला औतांची पूजा झाली. नांगराला, कुळवाला भाऊंच्या बायकोनं, कुसाबाईंनी, हळदकुंकू लावलं. माझ्यापाशी मात्र त्या थबकल्या. एवढं गवत खाणारं हे जागृत दैवतच असणार, असा त्यांचा समज. त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि माझ्या दातांच्या फटीफटीत थापला. मीही भाव खाऊन घेतला. काही दिवसांत तो वाळून दगड झाला.

गवत कापणीला आलं. बैल जुंपले, तर चाकं नुसती फरफटली. पातं हलेना.

आमच्याकडे यंत्र बिघडलं की आधी सल्ले येतात. शेजारचे कारभारी म्हणाले, "तेल पाजा." तेल वरच्या वर राहिलं, त्यावर धूळ बसली. आळीतल्या म्हाताऱ्या नवसाबाईंनी माझी दृष्ट काढली. भाऊंनी बैल बदलले. शेवटी त्यांनी मला लाथ घातली आणि दिवसभर स्वतःच लंगडले. पट्टी खरवडून बघावी असं कुणाच्या मनात आलं नाही. शेंदूर लावलेल्या जागेला खिळा कोण लावणार?

भाऊ वैतागले. "रहेमानचाचाला बोलवा. याचे विळे करून घिऊ."

विळे! ज्यांना मी घरी बसवलं, त्यांच्यातच जाऊन बसायचं?

रहेमानचाचा म्हणजे गावचे लोहार. मोडण्याआधी पातं काढायला त्यांनी फटीत रॉकेल सोडलं आणि सळईनं खरवडलं. तांबडे ओघळ निघाले.

"चाचा, हे काय निघतंय?" भाऊ दचकले.

चाचांनी शेंदूर ओळखला. मान वर केली तर समोर कुसाबाई, पदर दातांत धरून, चेहरा पार उतरलेला. चाचांनी सळई फडक्याला पुसली.

"गंज हे, भाऊ. लय तांबडा गंज. विलायती लोखंडाला आपली हवा मानवत नाय." त्यांनी पातं ढकललं. ते सुळकन सरकलं. "मोडायचं काय कारण नाय. जुंपा बैल."

त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. गवत वेळेवर पडलं. कारभारी अजून सांगतात, तेल लागू पडलं. नवसाबाई म्हणतात, दृष्ट उतरली. खरं काय ते फक्त आम्हा तिघांना ठाऊक.

आता मी पडवीत सुखात आहे. परवा पुन्हा दसरा झाला. कुसाबाई शेंदराचं ताट घेऊन आल्या. पण त्यांनी पात्याला लांबूनच हात जोडले.

"देवा, तुला तरास नाय व्हायचा आता," त्या पुटपुटल्या, आणि सगळा शेंदूर बैठकीवर थापला.

थोड्या वेळानं भाऊ पांढरंशुभ्र धोतर नेसून आले, आणि सोनं लुटायला निघण्याआधी माझ्या बैठकीवर ऐटीत टेकले. मग शिवेकडे चालू लागले, पुढं ते आणि मागं सगळा गाव. कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी मागूनच, भक्तिभावानं, वाकून नमस्कार केला.