दूध उतू घालायचा मुहूर्त

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या अहमदपुरात माहीत होतं. लातूरच्या या अपार्टमेंटात ते पहिल्याच दिवशी माहीत झालं, त्याला मी काय करू? मी काही ठरवून भांडायला आले नव्हते. चांगली आंघोळ करून, काठापदराची साडी नेसून आले होते.

सामानाचा टेम्पो रिकामा झाला होता. सगळं तिसऱ्या मजल्यावर चढलं होतं. दाराला आंब्याचं तोरण, ओट्यावर नवी शेगडी, शेगडीवर नवं पातेलं, पातेल्यात दूध. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं, मग बाकीचं सगळं. माझी नणंद, तनुजा वन्सं, त्यासाठी आदल्या दिवशीच नांदेडहून येऊन बसल्या होत्या. पाच सवाष्णी पाहिजेत म्हणून त्यांनी बिल्डिंगमधल्या तिघी बोलावल्या. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नव्हती. एकमेकींना हळदीकुंकू लावून झालं, वन्संनी पातेल्याला हळदीची बोटं ओढली, गॅस पेटवला, आणि मी विचारलं, "आत्याबाई कुठायत?"

आत्याबाई म्हणजे माझी सासू, केवळाबाई.

माझा नवरा शिवशंकर खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर समोरच्या बिल्डिंगची भिंत होती.

"खाली हाय आई, पार्किंगमधी," वन्सं म्हणल्या. "सामानापाशी बसली."

"सामान तर सगळं वर आलं."

"अगं, दूध उतू गेलं की बोलवूच की तिला. जराशानं काय फरक पडतोय?"

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे सासरे, शेषेराव मामाजी, गेल्या साली वारले. म्हणून त्यांची बायको पार्किंगमध्ये! लेकीनं दूध उतू घालायचं, सुनेनं बघायचं, तीन अनोळखी बायकांनी बघायचं, आणि जिनं हे घर पसंत केलं तिनं खाली मोटारसायकलींच्या रांगेत बसायचं. हो, तिनंच पसंत केलं. आम्ही दोघं टाइल्स बघत फिरत होतो, तर ही बाई प्रत्येक नळ सोडून बघत होती. पाणी किती दिवसाला येतंय, टाकी केवढी हाय, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, सगळं वॉचमनला विचारून आली आणि म्हणाली, हेच घ्या.

मी गॅस बंद केला.

"अगं बाई, मुहूर्त टळंल!" त्या तिघींतली एक बोलली.

"टळू द्या."

"वर्षा, तमाशा करू नको," शिवशंकर दबक्या आवाजात म्हणाले. "नवी जागा हाय. लोक काय म्हणतील?"

"लोक तीन हायत, अन् तिघी इथंच उभ्या हायत. विचारून घ्या."

"आईच म्हणली मला वर नको म्हणून."

"मग तुम्ही काय म्हणलात?"

"मी काय म्हणणार?"

"काहीच न्हाई ना म्हणलात? खुर्ची तरी दिली का आईला, का फरशीवरच बसवली?"

दिली होती म्हणे. प्लास्टिकची. लई उपकार केले. माझं असं टाळकं सरकलं की लिफ्टची वाट बघायलासुद्धा थांबले नाही, धाडधाड जिन्यानं खाली उतरले.

आत्याबाई खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा. मी त्यांना या दिवसासाठी घेतलेलं नवं लुगडं पिशवीत तसंच घडीचं होतं. अंगावर रोजचंच.

"झालं का गं दूध?"

"न्हाई झालं. तुम्हाला न्यायला आले."

"येडी का काय? चांगल्या कामात मला कशाला नेतीस? माझं कपाळ हे असं. तुमचं घर हाय, तुमचं चांगलं होऊ दे."

"अन् तुमचं न्हाई का घर?"

त्यांनी पदर सारखा केला. "माझं काय आता. पाहुणी म्हणून ऱ्हाईन. एखाद्या कोपऱ्यात पडून ऱ्हाईन, तुमच्या मधी यायची न्हाई."

अहो, मला वन्संचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, पण ह्या बाईचा जेवढा आला तेवढा कुणाचाच नाही. म्हणे पाहुणी! जन्मभर जिनं घर हाकलं, जिच्या आवाजाला गल्ली दचकायची, ती आता कोपऱ्यात पडून राहणार! आज पार्किंगमध्ये बसली तर उद्या हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसेल, परवा डोहाळजेवणात जिन्यात बसेल, आणि हळूहळू विचारून पाणी प्यायला लागेल. मला माझ्या घरात अशी बाई नको होती. मला माझी सासू पाहिजे होती.

"मामाजी हार्टनं गेले," मी म्हणले. "तुम्ही मारलं का त्यांना?"

"हळू बोल गं!"

"न्हाई बोलणार हळू. तुम्ही वर येत न्हाई ना? मग मीबी न्हाई जात." आणि काठापदराच्या साडीनिशी मी त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले. चांगली मांडी घालून. एक जण स्कूटर काढायला आला, तो आम्हाला बघून तसाच परत गेला.

"ऊठ गं माय, लोक बघायलेत."

"बघू द्या. राहायचंय इथं, कधी ना कधी बघणारच."

तेवढ्यात शिवशंकर लिफ्टनं खाली आले. आधी मला बघितलं, मग आईला. मी म्हणले, "आता मी बोलणार न्हाई. तुमची आई हाय, तुम्हीच बोला."

मला वाटलं, हा माणूस काही बोलत नाही, माझा जन्म असाच जाणार. मग ते वाकले आणि आईचा हात धरला.

"चल आई. दूध तूच तापव."

"अरे, तनी काय म्हणंल?"

"तिचं मी बघतो. तू चल."

आणि उठली की हो ती! मी एवढा घसा फोडला त्यानं हलली नाही, लेक एकदा चल म्हणला तर पिशवी घेऊन चालायला लागली. हेच त्यांना सकाळी बोलता आलं नसतं का? लिफ्टमध्ये मी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

वर तिघींतल्या दोघी निघून गेल्या होत्या. तिसरी थांबली होती, पुढं काय होतंय ते बघायला. वन्संचं तोंड एवढं फुगलेलं.

"करा तुमच्या मनासारखं," त्या म्हणल्या. "उद्या काही वाकडं झालं तर मला सांगू नका."

आत्याबाई ओट्यापुढं उभ्या राहिल्या. गॅस पेटवला. दूध तापायला लागलं. कडेनं साय धरली, मग मधून फुगली, दूध वर आलं, काठाला आलं, आता सांडणार...

तोच आत्याबाईंचा हात पुढं गेला. खटकन गॅस बंद. वरून एक फुंकर. दूध खाली बसलं. ओट्यावर एक थेंब नाही.

हिचा सगळा जन्म म्हशींत गेला. तिच्या चुलीवर दूध उतू गेलं असं कधी झालं नाही, आणि माझ्याकडून एकदा झालं तर आठवडाभर बोलणी खाल्ली मी. हात आपोआप गेला असणार.

"आई!" वन्सं किंचाळल्याच. "उतू जाऊ द्यायचं होतं गं! केलास ना अपशकुन!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण माझी पाळीच आली नाही. आत्याबाई गर्रकन वळल्या. मामाजी गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

"कशाचा गं अपशकुन? एवढं चांगलं दूध, ते का सांडायला तापिवलं? तुला उतू घालायची हौस आसंल तर जा नांदेडला अन् घाल तुझ्या घरी. माझ्या घरात दूध उतू जात न्हाई!"

ती तिसरी बाई दाराकडं सरकली.

"तू कुठं निघालीस?" आत्याबाई तिलाही ओरडल्या. "बस, चहा घेऊन जा. अन् वर्षे, मायंदाळ बोललीस खाली, आता बघत काय उभी राहिलीस? साखरंचा डबा काढ."